आरव्हीने यूरेला: गाडी एकदा लावली की हलवायची नाही

दर उन्हाळ्यात ओळखीतलं कोणीतरी विचारतंच, की आईबाबा भारतातून आलेत, त्यांना घेऊन आरव्हीने (म्हणजे पलंग, शेगडी, संडास सगळं आत असलेलं चाकांवरचं घर) कुठेतरी डोंगरात जायचंय, कसं करायचं? मग मी फोनवर अर्धा-पाऊण तास बोलते आणि तरी निम्मं सांगायचं राहतंच, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. आम्ही डेनव्हरला राहतो आणि सासू-सासऱ्यांना घेऊन यूरेला जाऊन आलोय, तेव्हा त्याच गावाचं सांगते.

आधी नाव. स्पेलिंग बघून आपण सगळे ‘औरे’ नाहीतर ‘ओरे’ म्हणतो, पण तिथे ‘यूरे’ म्हणतात, यूट या तिथल्या मूळच्या आदिवासी लोकांच्या प्रमुखाचं नाव आहे ते. नैऋत्य कोलोरॅडोतल्या सॅन हुआन डोंगरात १८७० च्या दशकात चांदीच्या खाणींमुळे वसलेलं हे टिल्लू गाव, वस्ती हजारसुद्धा नसेल, उंची ७,७९२ फूट, तीन बाजूंनी सरळसोट कडे. मुख्य रस्ता एकच, युएस ५५०, उत्तरेकडून गावात शिरतो आणि दक्षिणेकडून घाटात चढतो. सासरे साताऱ्याचे, ते पहिल्यांदा गावात शिरल्यावर मान वर करून बघतच राहिले आणि मग म्हणाले, "अगं, हे तर कढईच्या बुडात वसलंय."

आता मुख्य गोष्ट, बाकी सगळं विसरलात तरी चालेल पण ही नको. आरव्ही म्हणजे आपल्याला वाटतं फिरायची गाडी, बसायचं आणि वाट्टेल तिथे जायचं. डोंगरात तसं अजिबात चालत नाही. ती एकदा नेऊन लावायची, पाणी-वीज जोडायची आणि परत निघायच्या दिवसापर्यंत जागची हलवायची नाही, फिरायला दुसरी छोटी गाडी. यूरेतून सिल्व्हर्टनला जाणारा घाट, ज्याला मिलियन डॉलर हायवे म्हणतात, तो २५ फुटी आरव्ही घेऊन चढायचा हट्ट करणारे लोक मी पाहिलेत आणि त्यांच्या मागे अडकलेली गाड्यांची रांगही पाहिलीये.

म्हणून दोन पर्याय. एक, दुसरी गाडी सोबत असेल तर (आम्ही तसंच केलं, मी आरव्ही चालवत होते आणि नवरा मागून आमची गाडी घेऊन) यूरेच्या अलीकडे साधारण १५ मैलांवर रिजवे स्टेट पार्क आहे, धरणाच्या काठी, तिथे लावा. जागा मोठ्या, वळायला ऐसपैस, आणि तिथल्या पा-को-चू-पुक नावाच्या भागात पाणी, वीज आणि सांडपाणी तिन्हीचे हुकअप, म्हणजे गाडीला जोडायच्या सोयी, आहेत. दुसरा पर्याय, गाडी एकच असेल तर सरळ यूरे गावातच नदीकाठी जे आरव्ही पार्क आहेत तिथे जागा घ्या, तिथून मेन स्ट्रीट, गरम पाण्याचा तलाव सगळं चालत होतं, आणि घाटात जायला गावातच जीप भाड्याने मिळते. फक्त बुक करताना फोन करून आपल्या गाडीची लांबी सांगा, कारण गावातल्या जागा अरुंद असतात. गावाच्या वर डोंगरात फॉरेस्ट सर्व्हिसचा अँफिथिएटर कॅम्पग्राउंड आहे, नजारा जबरदस्त आहे पण तंबूवाल्यांसाठी, हुकअप नाहीत आणि वळणं आवळ, आपल्या गाडीला तो नको.

स्टेट पार्कचं बुकिंग सहा महिने आधी उघडतं आणि जुलै-ऑगस्टचे शनिवार-रविवार लगेच जातात. आई-बाबांची तिकिटं काढली त्याच दिवशी कॅम्पसाइट बघायला घ्या, मजा नाही करत.

गाडी कुठली आणि घेताना काय बघायचं

चार-पाच माणसं असतील तर २४-२५ फुटी क्लास सी घ्या, म्हणजे ट्रकसारखं तोंड आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग असलेली. साधं लायसन्स चालतं. भाड्याच्या जाहिरातीत रोजचा रेट दिसतो तो बघून खूश होऊ नका, त्यावर मैलांचे वेगळे, जनरेटरच्या तासाचे वेगळे, भांडी-चादरींचे वेगळे, साफसफाईचे वेगळे, असं करत बिल कुठल्या कुठे जातं. सगळं मिळून किती ते लेखी मागा.

ताब्यात घेताना फोनवर अख्ख्या गाडीचा व्हिडिओ काढा. टायर, छत, बंपरची खालची बाजू, ऑनिंग (दाराबाहेर उघडणारं कापडी छप्पर) उघडून, प्रत्येक कपाट उघडून. आम्ही पहिल्या वेळी लाजेकाजेस्तव घाईत घेतली, आणि परत देताना बंपरखालचा एक जुना ओरखडा आमच्या नावावर लागला. फोटो नाही तर बोलायला तोंड नाही! तेव्हापासून मी काउंटरवरच्या माणसाला थांबवून ठेवते, त्याचा चेहरा पडला तरी. त्याच्याकडूनच डम्प व्हॉल्व्ह (घाण पाण्याच्या टाक्या सोडायची झडप), वॉटर पंप, प्रोपेन आणि फ्रिज कसे चालू-बंद करायचे ते करून दाखवायला लावा, नुसतं तोंडी नको.

मग गाडीची उंची एका कागदावर लिहून स्टिअरिंगसमोर चिकटवा. क्लास सी ११-१२ फूट उंच असते आणि पेट्रोल पंपाचं छप्पर, ड्राइव्ह-थ्रू, झाडाच्या फांद्या बघताना तो आकडा आठवत नाही हो ऐनवेळी.

रस्ता

डेनव्हरहून आय-७० ने ग्रँड जंक्शन, तिथून युएस ५० ने मॉन्ट्रोज, तिथून ५५० ने रिजवे आणि यूरे, सगळं मिळून ३४० मैल. मॅपवर मोनार्क पास नावाच्या खिंडीतून दुसरा रस्ता दिसेल, अंतर कमी आहे, पण तो ११,३१२ फुटांवरून जातो, पहिल्यांदा चालवणाऱ्याने नाही घेतला तरी चालेल. एका गॅलनला ८ ते १० मैल धरा, म्हणजे जातानाच ३५-४२ गॅलन पेट्रोल. बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, हे गणित मनातल्या मनात रुपयात केलं आणि वाटेतल्या ग्लेनवूडपर्यंत बोलले नाहीत.

एका दिवसात करू नका. कारला लागतात त्याच्या दीडपट वेळ धरा, कारण ५५-६० च्या वर ही गाडी पळवायची नाही, वारं आलं की ती पत्र्याच्या शेडसारखी हलते. आम्ही ग्रँड जंक्शनजवळच्या फ्रूटाला कोलोरॅडो नदीकाठच्या स्टेट पार्कमध्ये रात्र काढली. शुक्रवारी दुपारनंतर डेनव्हरहून निघू नका, सगळं शहर त्याच रस्त्यावर असतं.

आयझेनहॉवर बोगदा ११,००० फुटांच्या वर आहे, तिथवर चढताना इंजिन ओरडेल, ओरडू द्या, उजव्या लेनमध्ये ट्रकच्या मागे शांत बसा. खरी परीक्षा बोगद्यातून बाहेर आल्यावर, सिल्व्हरथॉर्नपर्यंत कित्येक मैल सलग खडा उतार. इथे ब्रेकवर पाय ठेवून उतरलात तर ब्रेक तापतात, जळका वास येतो, आणि नंतर दाबले तरी गाडी थांबत नाही. टो-हॉल नावाचं बटण असतं गिअरच्या दांड्यावर किंवा जवळ, ते उतार सुरू व्हायच्या आधीच दाबा, गाडी खालच्या गिअरमध्ये राहते आणि इंजिनच वेग धरून ठेवतं. पसरणी घाटात एसटीचे ड्रायव्हर ज्या गिअरमध्ये चढतात त्याच गिअरमध्ये उतरतात, हे बाबांचंच वाक्य, आणि तेच करायचं. ब्रेक मधेमधे नीट दाबून सोडायचा, सतत रेटायचा नाही. पुढे व्हेल पासलाही तोच प्रकार. बाजूला वाळू-खडीचे चढ दिसतील, ते ब्रेक गेलेल्या ट्रकसाठी आहेत, फोटो काढायला तिथे थांबू नका, थांबतात लोक खरंच.

गाडी चालू असताना सगळ्यांनी पट्टा लावून बसायचं, चहा करायला उठायचं नाही, बाथरूमला जायचं असेल तर गाडी थांबवायची. आईंना हे पटायला वेळ लागला, "घरात बसून पट्टा?" म्हणाल्या. आणि कपाटांच्या कड्या प्रत्येक वेळी हाताने ओढून बघा. ग्लेनवूड कॅन्यनमधल्या एका वळणावर वरचं कपाट उघडलं आणि मसाल्याचा डबा, तो स्टीलचा, सात वाट्यांचा, सरळ खाली आला. हळद कारपेटमध्ये, हळद सोफ्यावर, हळद बाबांच्या पांढऱ्या सॉक्सवर, आणि मोहरी तर परत देईपर्यंत कुठून कुठून निघत होती. तेव्हापासून नियम: जे सांडू शकतं ते चालत्या गाडीत सिंकमध्ये ठेवायचं, खाली टॉवेल टाकून. आरव्हीत सिंकइतकी भरवशाची जागा नाही.

पोचल्यावर, क्रमाने

अंधार व्हायच्या आत पोचा. मागे घेताना एक माणूस मागे उभा, आणि तो आरशात दिसला पाहिजे, दिसला नाही तर गाडी थांबवायची. मग आधी गाडी सपाट करा, फोनवर पातळी बघायचं अ‍ॅप असतं, ते लावून फोन गाडीच्या आत खाली ठेवायचा, ज्या बाजूला खाली असेल तिथल्या चाकाखाली प्लास्टिकचे ठोकळे टाकून वर घ्यायचं. हे फक्त झोपताना घरंगळू नये म्हणून नाही, गॅसवर चालणारे जे फ्रिज असतात ते तिरके राहिले तर गार करत नाहीत. चाकांना अडसर लावा. मग वीज: आधी खांबावरचा ब्रेकर बंद, मग प्लग, मग ब्रेकर चालू.

विजेचं गणित कळून घ्या. ३० अँपिअर म्हणजे ३,६०० वॅट, बास. एसी पंधराएकशे खातो, मायक्रोवेव्ह हजारच्या वर, आपण सोबत नेलेला इंडक्शन १,८००. तिन्ही लावले की सगळं बंद, आणि मग रात्री टॉर्च घेऊन ब्रेकर शोधायचा.

पाण्याला पांढरा, पिण्यासाठीचा पाइप वेगळा असतो आणि नळाला प्रेशर रेग्युलेटर लावायचाच, नाहीतर आतले जोड फुटतात.

आता तो विषय, जो सगळे टाळतात. घाण पाण्याच्या दोन टाक्या असतात, ग्रे म्हणजे आंघोळीचं-भांड्यांचं पाणी आणि ब्लॅक म्हणजे संडासाची. ग्रेचा व्हॉल्व्ह हुकअपला असताना उघडा ठेवला तरी चालतो, ब्लॅकचा कधीच नाही. उघडा ठेवलात तर पाणी वाहून जातं आणि घट्ट माल तळाशी बसून सिमेंट होतो. दोन तृतीयांश भरली की मगच सोडायची, आणि त्याच्या आदल्या दिवशी ग्रेचा व्हॉल्व्ह बंद करून तीही थोडी भरू द्यायची, म्हणजे आधी ब्लॅक सोडायची, मग ग्रे, साबणाच्या पाण्याने पाइप आपोआप धुतला जातो. हातमोजे घाला, पाइपचा जोड फिरवून ‘कट’ आवाज येईपर्यंत बसलाय ना बघा, आणि त्यानंतरच दांडी ओढा. आमच्या नवऱ्याने पहिल्यांदा तो आवाज ऐकला नव्हता, यापुढे मी काही लिहीत नाही, त्याचे बूट तिथेच टाकून आलो एवढंच सांगते. कागद फक्त आरव्हीचा, पाण्यात विरघळणारा. आणि आपल्या लोकांची टमरेलाची सवय इथे चक्क उपयोगी पडते, या टाकीला पाणी जितकं जास्त तितकं बरं. फक्त हुकअप नसेल तेव्हा हे लाड नाहीत, वापरायच्या पाण्याची ३०-४० गॅलनची टाकी पाच माणसांत बघता बघता संपते.

स्वयंपाक

यूरेच्या उंचीवर पाणी ९२ अंशांच्या आसपासच उकळतं. म्हणजे उघड्या पातेल्यात डाळ शिजवायला बसलात तर संध्याकाळ होते, भात कचवट राहतो, आणि आईंसारख्या कसलेल्या बाईलाही वाटतं आपलंच काहीतरी चुकतंय. कुकर न्याच, छोटा तीन लिटरचा, आणि नेहमीपेक्षा एक-दोन शिट्ट्या जास्त. शेगडी बारीक असते, मोठी कढई तिच्यावर बसत नाही. फोडणी गाडीत करणार असाल तर आधी छतावरचा पंखा चालू आणि खिडकी उघडी, नाहीतर स्मोक अलार्म मोहरी तडतडायच्या आत बोंबलतो. आम्ही दुसऱ्या दिवसापासून फोडणी बाहेरच्या टेबलावर छोट्या गॅसवर घालायला लागलो. शेजारच्या ट्रेलरमधले आजोबा वासाने विचारायला आले, त्यांना थालीपीठ दिलं, ते लोणी मागून घेऊन गेले.

घरून भाजणी, मेतकूट, चिवडा, दशम्या, कांदा-लसूण मसाला न्या, भाजीपाला मॉन्ट्रोजला भरून घ्या, तिथे मोठी दुकानं आहेत, यूरेत छोटं दुकान आणि डोंगरातले भाव. आणि हो, खालून आणलेल्या बंद बाटल्या, दह्याचे डबे, वेफर्सची पाकिटं उंचीवर फुगतात. दह्याचं झाकण उघडताना तोंड लांब ठेवा. लोणच्याचं तेल मी टी-शर्टवर घेतलंय.

बाहेर जेवलात तर झोपायच्या आधी सगळं आत, खरकटं, कुकर, तेलाची बाटली, अगदी कचऱ्याची पिशवीसुद्धा. काळी अस्वलं या भागात आहेत आणि त्यांना वासाचं भारी कळतं. शेकोटी पेटवायच्या आधी त्या दिवशी फायर बॅन (शेकोटीला बंदी) आहे का ते ऑफिसच्या बोर्डवर बघा, कोरड्या उन्हाळ्यात असतोच. रात्री दहानंतर गप्पांचा आवाज खाली, जनरेटर बंद.

फिरायचं काय

बॉक्स कॅन्यन धबधबा गावाला चिकटूनच आहे, तिकीट काढून लोखंडी पुलावरून आत जायचं, २८५ फुटांचं पाणी कड्यांच्या चिरेत कोसळतं आणि आवाजाने बोललेलं ऐकू येत नाही. गुडघे दुखणाऱ्यांनाही खालचा भाग जमतो. गरम पाण्याचा मोठा तलाव गावाच्या तोंडाशीच आहे, १९२० च्या दशकापासूनचा, गंधकाचा वास अजिबात नाही, त्यामुळे वज्रेश्वरी आठवून नाक मुरडू नका. संध्याकाळी डोंगर लाल होताना पाण्यात बसायचं, बास. एक सूचना मात्र सासू-सासऱ्यांना नेणाऱ्यांसाठी: रिजवेजवळ ऑर्व्हिस म्हणून दुसरे गरम झरे आहेत, तिथे कपडे घालणं ऐच्छिक आहे. आम्हाला गेटवरचा बोर्ड वेळेत दिसला.

मिलियन डॉलर हायवे छोट्या गाडीने नक्की करा. यूरेतून दक्षिणेला निघालात की दरीची बाजू तुमची, आणि बऱ्याच ठिकाणी कठडाच नाही, हिवाळ्यात नांगराने बर्फ दरीत ढकलायला जागा लागते म्हणून. ज्याला उंचीची भीती त्याला जाताना ड्रायव्हरच्या मागे बसवा, येताना रस्ता डोंगराच्या बाजूने असतो तेव्हा पुढे. रेड माउंटन पास ११,०१८ फूट, तिथे थांबून लाल-पिवळे डोंगर बघायचे. पलीकडे सिल्व्हर्टनला डुरँगोहून वाफेच्या इंजिनाची छोटी रेल्वे येते, १८८२ सालची लाइन, बाबा तिथे तासभर इंजिनाभोवती फिरत होते आणि जेवायला चला म्हटलं तरी येईनात. यूरेच्याच वर डोंगरात यँकी बॉय बेसिनला जुलैअखेर रानफुलांचा गालिचा असतो, पण तिथे आपली गाडी नको, गावातून उघड्या जीपची टूर मिळते, ड्रायव्हरसकट. धक्के बसतात, कमरेचा पट्टा वापरणाऱ्यांनी विचार करून बसावं.

जे काही उंचावरचं असेल ते सकाळी. जुलै-ऑगस्टमध्ये तिथेही मॉन्सूनच म्हणतात, दुपारी दीड-दोनला ढग जमतात आणि विजा पडतात, त्यावेळी झाडांच्या रेषेच्या वर, म्हणजे जिथे झाडं उगवायची थांबतात त्याच्या वर, असायचं नाही. कॅम्पवरून निघताना ऑनिंग गुंडाळा, ऊन असलं तरी. दुपारचं वारं ती उचलून छतावर टाकतं आणि ते बिल मोठं असतं.

वयस्कर माणसांना पहिल्या दिवशी काही करायला लावू नका. डोकं दुखतं, झोप लागत नाही, दोन पायऱ्यांत धाप लागते, त्याला घाबरायचं नाही, पाणी भरपूर आणि आराम. हृदयाचं किंवा फुप्फुसाचं काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारूनच. धाप बसल्याबसल्याही लागत असेल तर वाट बघायची नाही, खाली मॉन्ट्रोजला दवाखाना आहे.

जायला जून मध्य ते सप्टेंबर अखेर बरं. सप्टेंबरच्या शेवटी अ‍ॅस्पनची झाडं सोनेरी होतात, मला तोच काळ सगळ्यात आवडतो, पण रात्री पारा शून्याला टेकतो, तेव्हा झोपायच्या आधी बाहेरचा पाण्याचा पाइप काढून रिकामा करा, नाहीतर सकाळी त्याची काठी होते. हीटरचा पंखा बॅटरी खातो, हुकअप नसेल तर गोधड्या न्या.

निघायच्या दिवशी गाडीभोवती एक पूर्ण फेरी मारा, पायरी आत, ऑनिंग बंद, पाइप-वायर काढलेली, ठोकळे उचललेले, प्रोपेन बंद, आणि ही फेरी ज्याने आवराआवर केली त्याने नाही, दुसऱ्याने मारायची. टाक्या रिकाम्या करूनच परत द्या, नाहीतर त्याचे वेगळे पैसे. रविवारी दुपारी आय-७० वर डेनव्हरकडे येणारी गर्दी चुकवायची असेल तर सोमवारी परता. आणि ऑगस्ट असेल तर ग्रँड जंक्शनच्या पुढे पॅलिसेडला उतरून पीच घ्या, तिथले पीच म्हणजे आपल्या देवगडच्या आंब्यासारखे, लोक पेट्या भरून नेतात. पेटी मात्र सीटवर ठेवू नका, पुढे दोन मोठे उतार आहेत. फळं काढून सिंकमध्ये, खाली टॉवेल.